नऊ चॅनेल आणि एक खुर्ची

वैजयंतामावशींनी दुकानातला होम थिएटरचा रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि परत ठेवला. मग शेजारचा उचलला. तो जड होता. पदराला हात पुसत त्यांनी काउंटरमागच्या बंटीला विचारलं, "हलका आहे त्याच्यावर वॉट जास्त लिहिलेत. कसे काय?"

बंटीनं उत्तर मावशींच्या मुलाला, स्वप्नीलला दिलं. "सर, आंटीजी को बैठाइए ना. वहाँ पंखे के नीचे. थक जाएँगी."

त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो का, हे कळायला मावशी कोण ते आधी सांगायला हवं.

नवघरला आमच्या समोरच्या दारात त्या राहतात. मूळच्या परभणीकडच्या. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आल्या तेव्हा घर म्हणजे एक खोली आणि दाराबाहेर पाण्याचा ड्रम. नवरा, तात्याराव, स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर. मावशींना काम मिळालं दोन गल्ल्या पलीकडच्या गाळ्यात, अँप्लिफायर बनवायचं. मंडपवाले आणि वरातीवाले वापरतात ते लोखंडी डब्यातले अँप्लिफायर. तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळून ट्रान्सफॉर्मर तयार करायचा, एकही वेढा चुकवायचा नाही, मग वार्निशमध्ये बुडवून वाळवायचा. दुपारनंतर सोल्डरिंग. असं सव्वीस वर्षं.

तिथल्या बायकांना केस पिकेपर्यंत 'लडकी लोग' म्हणत. तयार डब्याला स्पीकरच्या जागी विजेचा भार जोडून तो पूर्ण ताकदीनं तासभर चालवायचा, किती तापतो आणि आवाज कुठं फाटतो ते बघायचं, हे काम मावशी करायच्या. तपासणीच्या कार्डावर सही मात्र हरिश्चंद्रची. तो टेस्टर. त्याच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि दुपारी झोपायची सवय. मावशी त्याला उठवून सांगत, "हरिश्चंद्रभाऊ, सत्तावीस नंबरचा परत पाठवा, घसा बसलाय त्याचा." तो डोळे न उघडता सही करायचा. गाळा बंद झाला तेव्हा हरिश्चंद्रला दुसरीकडे टेस्टरचीच नोकरी मिळाली. मावशींना प्रेशर कुकर मिळाला.

तात्यारावांचं काय झालं तेही त्याच काळात झालं. एकतीस वर्षं प्रेसच्या शेजारी उभे राहिले. कानात घालायला कापूस, तोही घरून न्यायचा. आता त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. खाली बस थांबलेली कळते, कुकरची शिट्टी कळत नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, जाड आवाज शिल्लक आहेत, बारीक गेले, आणि शब्दाचा शब्द होतो तो बारीक आवाजांमुळे. कानात यंत्र आहे. समोरासमोर बसून बोललं तर भागतं. टीव्ही लागला की सगळ्याचा काला होतो.

तात्यारावांनी यावर स्वतःपुरता एक शिष्टाचार शोधला होता. कुणी काही म्हटलं की हसून मान डोलवायची. "जेवलात का" याला हो, "बरं वाटत नाही का" यालाही हो. हॉलमध्ये सगळे टीव्ही बघत असले की ते बाल्कनीच्या दारापाशी आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि इतर हसले की हसायचे, अर्धा क्षण उशिरा. तो अर्धा क्षण फक्त मावशींना दिसायचा.

त्यांनी उभ्या आयुष्यात बायकोकडे फार काही मागितलं नाही. पण नात, मानसी, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उतरणार असं कळलं तेव्हा ते मावशींना म्हणाले, "पोरगी भाषण करणार म्हणे. तेवढं एक शब्दाशब्दानं ऐकू यावं."

मावशींनी ते स्वप्नीलला सांगितलं. स्वप्नील वाईट मुलगा नाही. अंधेरीच्या ऑफिसातून दोन तासांनी घरी येऊनही तो वडिलांच्या पायाला तेल लावतो. त्यानं लगेच जाहीर केलं की पप्पांसाठी होम थिएटर घ्यायचं. मग दोन महिने त्यानं मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघितले. पाच चॅनेल, सात चॅनेल, नऊ चॅनेल, म्हणजे खोलीभर तितके वेगवेगळे स्पीकर. छतातून पाऊस पडल्याचा भास. या दोन महिन्यांत त्यानं आईला एकदाही काही विचारलं नाही. घरात सव्वीस वर्षं अँप्लिफायर बनवलेली बाई होती आणि सल्ला येत होता कुठल्याशा गोऱ्या माणसाच्या तळघरातून.

दुकानात मला मावशींनीच बरोबर घेतलं. "बारीक इंग्रजी वाचायला एक माणूस पाहिजे," म्हणाल्या. तात्यारावही होते, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वप्नीलच्या खिशात चिठ्ठी होती, उंची सात इंच, रुंदी अठरा, खोली सोळा. आमच्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी सुतार येतो. टीव्हीचं युनिट बनतं, त्याला तपकिरी काचेची दारं लागतात, आणि मग त्या खणात मावेल असं यंत्र शोधायला माणसं बाहेर पडतात. बंटीनंही पहिल्यांदा चिठ्ठीच मागितली. "नाप दीजिए सर, बाकी मैं देखता हूँ."

मावशी पंख्याखाली बसल्या नाहीत. दुकानाच्या मागच्या बाजूला काचेच्या खोलीत दोन वेगवेगळे डबे मांडले होते, एक सडपातळ आणि एक चांगला बैलासारखा रुंद. त्यांनी विचारलं, "ते काय आहे?"

"वो प्री-अँप प्रोसेसर है आंटीजी, साथ में पॉवर अँप अलग से. बंगलेवाले लेते हैं. आपके लिए रिसीव्हर. सब एक ही डब्बे में."

मावशी स्वप्नीलकडे वळल्या. "ऐक. रिसीव्हर म्हणजे आपली जुनी खोली. तिथंच चूल, तिथंच झोपणं, तिथंच तुझा अभ्यास. भागत नव्हतं असं नाही. पण चूल पेटली की सगळ्यांना घाम. प्रोसेसर वेगळा असला की डोकं एका डब्यात, ताकद दुसऱ्या डब्यात. डोकं जुनं झालं तर तेवढं बदलायचं. ताकदीचा डबा वीस वर्षं जातो. बिघडला तर मी दुरुस्त करीन."

बंटी हसला. "आंटीजी, ये मिक्सर नहीं है."

स्वप्नीलही हसला. फार नाही, दुकानदाराशी संबंध चांगले राहतील इतपत.

मावशींनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. "महाग असंल तर राहू दे. रिसीव्हरच घे. पण हा पाच चॅनेलचा जड आहे तो घे, आणि बाकीचा खर्च मधल्या स्पीकरवर कर. माणसं बोलतात ते सगळं मधल्या स्पीकरातून येतं. बाकीचे पाऊस पाडायला."

"आई, नऊ चॅनेलच्याला वॉट जास्त आहेत."

"किती चॅनेल एकदम चालवून मोजलेत ते विचार."

स्वप्नीलनं विचारलं नाही म्हणून मावशींनीच बंटीला विचारलं. तो म्हणाला, "मतलब?" मावशींनी माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे वॉट दोन चॅनेल चालू असतानाचे आहेत. मी ते मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे नऊ जणांची पंगत बसवली आणि स्वयंपाक दोघांचा," मावशी म्हणाल्या.

बंटीनं रिमोट उचलला आणि हेलिकॉप्टर सुरू केलं. ते डोक्यावरून गेलं, मागून आलं, मग काचा फुटल्या. तात्याराव खुर्चीतून अर्धे उठले.

"कैसा लगा अंकल?"

"हो, हो," तात्याराव हसून म्हणाले. "छान."

"हेलिकॉप्टर नको," मावशी म्हणाल्या. "माणूस बोलतानाचं लावा. बातम्या लावा."

बंटीनं कुरकुरत मोबाइलवरून बातम्या लावल्या. मिनिटभर एक निवेदक बोलला. मावशी नवऱ्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणाला तो?"

तात्यारावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बंटीकडे, मग फळीवर चमकणाऱ्या डब्यांकडे. "चांगलंच म्हणाला की," ते म्हणाले.

सगळे हसले. बंटी सगळ्यात मोठ्यानं. एका माणसाला सगळ्यांसमोर ऐकू आलं नव्हतं आणि दुकानभर त्याचा विनोद झाला होता. मावशी म्हणाल्या, "बघितलंस? हा यांच्या कामाचा नाही."

"आई, प्लीज," स्वप्नील दबक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या गाळ्यातले वरातीचे डबे वेगळे. हे तुला नाही कळायचं."

मावशी मग जाऊन पंख्याखाली बसल्या. नऊ चॅनेलचा रिसीव्हर घेतला गेला. त्याची उंची साडेसहा इंच होती, खणात बसणार होता.

चार दिवसांनी जोडणारा माणूस आला. छताला स्पीकर, भिंतीला स्पीकर, सोफ्याच्या मागे स्पीकर. मधला स्पीकर युनिटच्या सगळ्यात खालच्या खणात, गुडघ्याच्या उंचीवर, काचेच्या दारामागं. रिसीव्हर त्याच्या वरच्या खणात असा घट्ट बसला की वरून हात जाईना. मग त्या माणसानं एक छोटा माइक काढला. हा माइक माणूस जिथं बसून ऐकणार तिथं ठेवायचा असतो. यंत्र टुक-टुक आवाज काढून खोलीचं माप घेतं आणि त्या जागेच्या हिशोबानं स्वतःला जुळवतं.

"मेन सीट कौनसा?" त्यानं विचारलं.

"हे," स्वप्नील म्हणाला, आणि सोफ्याच्या मध्यावर थाप मारली.

तात्याराव त्या सोफ्यावर कधी बसत नाहीत. एका खोलीत होते तेव्हा ते दारापाशी बसायचे, रात्रपाळीहून आलं की वारा लागावा म्हणून, आणि पोराच्या अभ्यासाच्या वाटेत यायला नको म्हणून. घर बदललं, दार बदललं, ते दारापाशीच राहिले. सोफ्यावर बसलं की पाहुण्यासारखं वाटतं म्हणतात. मावशींनी विचारलं, "यांच्या खुर्चीचं माप?"

"आंटी, सिस्टिम का सेंटर सोफा होता है."

ज्याच्यासाठी आणलं तो सोडून घरातल्या सगळ्यांच्या कानांना माप मिळालं. हे बोलायला जागा नव्हती, कारण घर खूश होतं. स्वप्नीलची बायको, इशिता, एकटीच प्लास्टिकच्या खुर्चीमागं उभी राहून म्हणाली, "पण पप्पांना इकडं काय येणार?" तिला उत्तर मिळालं की सराउंड आहे, सगळीकडं येतं.

मानसीचा पहिला नंबर आला. विषय होता श्रमाचं मोल. घरी समोर उभं राहून म्हणून दाखवायला ती लाजत होती, पण शाळेनं व्हिडिओ पाठवला. रविवारी दुपारी तो टीव्हीवर लावायचा ठरला. आम्हालाही बोलावलं. सकाळपासून स्वप्नील पाहुण्यांना पाऊस आणि हेलिकॉप्टर ऐकवत होता. युनिटची दारं बंदच, ती बंद असली की हॉल चांगला दिसतो.

तात्यारावांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. पडद्यावर मानसी आली, दोन वेण्या, हात पाठीमागं. ती बोलू लागली आणि तात्याराव मान डोलवू लागले. तिसऱ्या मिनिटाला आवाज गेला.

चित्र चालू होतं. मानसीचे ओठ हलत होते, हात वर जात होता. आम्ही सगळे रिमोटकडे बघायला लागलो. तात्याराव पडद्याकडे बघत मान डोलवत राहिले. तिनं जिथं थांबा घेतला तिथं ते समजून हसले. शेवटी पडद्यावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यांनीही वाजवल्या. हॉलमध्ये तेवढाच आवाज होता.

मानसी त्यांच्याकडे बघत उभी होती. मग ती आतल्या खोलीत गेली.

मावशी उठल्या. युनिटचं दार उघडलं, इस्त्रीखालून येते तशी झळ आली. त्यांनी हात डब्यावर ठेवला आणि लगेच काढला.

"तापून बंद पडलाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण स्वप्नील दोन पावलं मागं सरला. "सव्वीस वर्षं मी डबे तापताना बघितलेत. किती वेळात, किती अंतर ठेवलं तर, सगळं. आणि तुम्ही मला पंख्याखाली बसवलं. याला श्वास घ्यायला जागा नाही ठेवली, स्पीकरच्या तोंडावर काच लावली, आणि माप घेतलं तुझ्या बुडाखालच्या जागेचं. पप्पांसाठी म्हणालास ना? यात पप्पा कुठं आहेत ते दाखव मला."

मावशी नवऱ्याजवळ गेल्या, कानाशी वाकल्या. "आवाज गेला होता."

"कधी?"

"मघाशीच. निम्म्यातून."

तात्याराव थोडा वेळ टाळ्या वाजवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिले. "मला वाटलं, हळू बोलायली," ते म्हणाले.

स्वप्नीलनं दुकानात फोन लावला, डबा बदलून द्या म्हणाला. बंटी म्हणाला, पॅकिंग खुल गया सर, और हवा के लिए जगह छोड़नी पड़ती है, किताब में लिखा है. खणाचं माप आधी मागून, त्या मापात डबा बसवून देणारा हाच. मावशींनी फोन हातात घेतला. "बेटा, हम दुकान में आदमी लेके आए थे. तुमने लकड़ी का नाप लिया." पलीकडून "जी आंटीजी" आलं आणि फोन बंद झाला.

मग त्यांनी पदर खोचला. रिसीव्हर खणातून काढायला लावला आणि उघड्या स्टुलावर ठेवला. मधला स्पीकर खालून काढून टीव्हीच्या शेजारी आणला, तोंड प्लास्टिकच्या खुर्चीकडं. समोरचे दोन ठेवले. बाकीच्या सहांच्या तारा सोडल्या.

"आई, त्या सहांचं काय लोणचं घालू?"

"घाल. मीठ कमी घाल, पप्पांना बीपी आहे."

माइक काढला तसे तात्याराव उठून सोफ्याकडं निघाले. त्यांना वाटलं आपल्यामुळं सगळ्यांना त्रास होतोय. "सोफ्यावरच ठेवा की. मी बसतो तिथं."

"तुम्ही हलायचं नाही," मावशी म्हणाल्या. "यंत्र हलंल."

खुर्चीवर पिठाचा डबा, त्यावर उलटं पातेलं, पातेल्यावर माइक, बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीला. पंखा बंद केला. टुक-टुक झाली. पण मावशींचं समाधान झालं नाही. यंत्राचं माप धडधाकट कानाचं, यांना बारीक आवाज जास्त लागणार. पडद्यावरच्या इंग्रजी याद्या त्यांना वाचता येईनात, मला वाचता येत होत्या पण त्यातलं काही कळेना. तेवढ्यात मानसी बाहेर आली, डोळे लाल, आणि तिनं रिमोट माझ्या हातातून घेतला. मावशी खुर्चीपाशी उभ्या राहून सांगत होत्या, "जाड कमी कर. अजून. आता बारीक वाढव. मधला वाढव. बास, पुढं गेलीस तर बोचंल." सत्तावीस नंबरचा घसा बसलाय हे ओळखणारा कान तो. या वेळी सही करायला कुणी नव्हतं.

भाषण पहिल्यापासून लावलं. तात्यारावांनी हात गुडघ्यांवर ठेवले. ते मान डोलवत नव्हते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, जड वस्तू उचलताना पडतात तशा. पडद्यावरची मानसी म्हणाली, "माझे आजोबा एक साधे कामगार होते."

तात्यारावांनी हात वर केला. "थांबव."

स्वप्नील धावत स्टुलाकडं गेला. त्याला वाटलं पुन्हा बंद पडला.

"साधे म्हणाली का?"

मावशींनी तोंडावर पदर धरला होता.

"हो आबा," मानसी म्हणाली.

"दीडशे टनाचं मशीन चालवलं मी. पत्रा आत गेला आणि हात बाहेर यायला उशीर झाला की चार बोटं जातात. माझ्या शेजारच्या धाकूची गेली. एकतीस वर्षं." त्यांनी दोन्ही पंजे तिच्यासमोर उघडून धरले. "मोज. दहा आहेत. साधं काय त्याच्यात?"

मानसीनं माझ्याकडं पाहिलं. भाषण तिनं माझ्याकडून तपासून नेलं होतं. 'कामगार' या शब्दाच्या आधी 'साधे' मी घातलं होतं, वाक्याला लय यावी म्हणून. पुढचं वाक्यही माझंच होतं. आजीनं घर सांभाळलं.

"चुकलं आबा," ती म्हणाली. "पण पहिला नंबर आला ना."

"येऊ दे. चुकीला पण येतो." तात्यारावांनी खुर्ची आणखी पुढं ओढली आणि पडद्याकडं बोट केलं. "चालू कर. अजून काय काय म्हणालीस ते ऐकू दे."